तयार मॉडेल ऑनलाइन लिलावात विकायचंय? बोली लावण्याआधी हे समजून घ्या

सागवानाची बैलगाडी, पत्र्याचा ट्रॅक्टर, एसटीची लालपरी. अशा हुबेहूब छोट्या प्रतिकृती करणारे हात गावोगाव आहेत. व्हिडिओला लाईक भरपूर मिळतात, पण विकायची वेळ आली की "खेळणंच तर आहे, पाचशे घ्या" असं ऐकावं लागतं. महिनाभराची मेहनत पाचशेत जाते. म्हणून आता काही जण ऑनलाइन लिलावाकडे वळत आहेत. तिथे भाव मिळू शकतो, पण नियम माहीत नसतील तर नुकसानही होतं.

लिलाव कुठे होतो?

ऑनलाइन लिलावाचं जुनं आणि मोठं नाव म्हणजे ईबे. ही कंपनी 1995 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. 2004 मध्ये तिने 'बाझी डॉट कॉम' विकत घेऊन भारतात पाय रोवला. तिची भारतातली वेबसाइट ऑगस्ट 2018 मध्ये बंद झाली. मात्र भारतातून परदेशी गिऱ्हाइकाला माल विकण्याची सोय सुरू आहे. देशातल्या देशात फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरही बोली लावून विक्री होते. तिथे कमिशन नसतं, पण पैशाची हमीही नसते.

भाव ठरवतो दुसरा गिऱ्हाईक

ईबेवर गिऱ्हाईक आपली सर्वात जास्त रक्कम गुपचूप भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरती बोली वाढवते. समजा, एकाने 60 डॉलर भरले आणि दुसऱ्याने 80. मॉडेल 80 ला जात नाही. 60 च्या वर एक टप्पा, म्हणजे 61 डॉलरला सुटतं. दुसरा गिऱ्हाईक आलाच नाही, तर 80 द्यायला तयार असलेला माणूसही सुरुवातीच्या बोलीतच माल घेऊन जातो.

म्हणून सुरुवातीची बोली हीच विक्रेत्याची ढाल आहे. "एक डॉलरपासून सुरू करा, गर्दी होईल" हा सल्ला नव्या माणसाने ऐकू नये. गर्दी झाली नाही तर मॉडेल एका डॉलरला द्यावं लागतं.

बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर उभा राहिला की भाव पडला तरी माल परत आणणं परवडत नाही. भाडं अंगावर पडतं, कांदा सडतो. मॉडेल सडत नाही. बोली लागली नाही तर ते घरातल्या कपाटात राहतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लावता येतं. ही सवड शेतमालाला नाही, मॉडेलला आहे. ती वापरावी.

खालची रक्कम कशी काढायची?

आधी वहीत हिशेब मांडावा. समजा, लाकूड, रंग, खिळे-स्क्रू मिळून 1,200 रुपये लागले. काम 30 तासांचं, तासाला 60 रुपये धरले तर 1,800. पॅकिंग 300. झाले 3,300. यात वेबसाइटचं कमिशन मिळवायचं. टपाल खर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा. येईल त्या रकमेच्या खाली सुरुवात करायची नाही.

दुसरी गोष्ट, तशीच मॉडेल आधी किती रुपयांना गेली ते पाहावं. विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहून उपयोग नाही. 'विकलेल्या वस्तू' असा पर्याय निवडला की खरा भाव दिसतो.

प्रमाण लिहिलंच पाहिजे

संग्रह करणारा माणूस प्रमाण पाहून घेतो. शेतीच्या यंत्रांच्या मॉडेलमध्ये 1:16 आणि 1:32 ही प्रमाणं जास्त चालतात. साडेतीन मीटरचा ट्रॅक्टर 1:16 मध्ये सुमारे 22 सेंटिमीटर आणि 1:32 मध्ये 11 सेंटिमीटर होतो. माप अंदाजे असेल तर तसं स्पष्ट लिहावं. फोटो उजेडात, सर्व बाजूंनी आणि खालूनही काढावेत. शेजारी पट्टी ठेवावी. रंग उडालेला असेल, जोड दिसत असेल तर त्याचा फोटो आधीच टाकावा. लपवलेली खोट पार्सल परत आणते.

वेळ

लिलाव संपतानाच्या शेवटच्या मिनिटांत बोली चढते. त्या वेळी गिऱ्हाईक जागा हवा. अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात रविवारी रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे सोमवारी पहाटेचे साडेपाच झालेले असतात. म्हणजे ऐन धारा काढायच्या वेळी लिलाव संपेल, असं लावावं. मित्राला सांगून खोटी बोली चढवणं नियमाविरुद्ध आहे. खातं बंद होऊ शकतं.

पार्सलचं वजन फसवतं

बरेच कुरिअर वजनासोबत खोक्याचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार करून 5,000 ने भागतात. 40 × 30 × 25 चं खोकं असेल तर आकार 6 किलो भरतो. आत दीड किलोचं मॉडेल असलं तरी पैसे 6 किलोचेच. त्यामुळे चाकं, जू, आरसे सुटे करता येतील असं मॉडेल बनवणं फायद्याचं. बॅटरी असेल तर काढून ठेवावी.

कागदपत्रं

परदेशी विक्रीसाठी आयात-निर्यात कोड लागतो. तो पॅन कार्डवर ऑनलाइन निघतो, फी 500 रुपये. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं पार्सलच्या कागदपत्रांना मदत करतात. अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी थांबवली आहे. त्यामुळे कर किती आणि कोण भरणार, हे बोली लावण्याआधीच विचारून घ्यावं. जीएसटीबाबत सीएचा सल्ला घ्यावा.

फसवणूक टाळा

ग्रुपवर विकताना पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय माल हलवू नये. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेचं खातं उघडून पाहावं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कोणी तसं सांगितलं तर फोन ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

पहिल्या लिलावात लहान मॉडेल लावून पाहावं. महिनाभर खपून केलेली बैलगाडी, सगळा व्यवहार एकदा हातून पार पडल्यावरच काढावी.