तारप्याचा ध्वनी आणि संगीताचा पदव्युत्तर अभ्यास : डहाणू-तलासरी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके वारली चित्रकलेमुळे सर्वदूर परिचित झाले आहेत. या चित्रांत सर्वाधिक आढळणारी आकृती तारपा नृत्याची होय. मध्यभागी वाकून तारपा फुंकणारा वादक आणि त्याच्याभोवती वेटोळे घेत गेलेली स्त्रीपुरुषांची साखळी असे हे दृश्य साड्यांवर, भेटकार्डांवर आणि सरकारी इमारतींच्या भिंतींवर पोहोचले आहे. तारप्याचा प्रत्यक्ष आवाज ऐकलेला मनुष्य मात्र या पट्ट्याबाहेर विरळाच. वाद्याचे चित्र प्रसिद्ध व्हावे आणि त्याचा नाद अपरिचित राहावा, ही विसंगती केवळ बाजारपेठेने निर्माण केलेली नाही. संगीताचे उच्च शिक्षण आणि आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास या दोन ज्ञानव्यवहारांच्या मधल्या मोकळ्या जागेत तारपा राहून गेला. ही जागा कशी निर्माण झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदींचा आरंभ

वारल्यांविषयीचे लेखन बरेच जुने आहे. पाद्री जॉन विल्सन यांचा वारली व कातोडी यांच्यावरील लेख १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने त्यांची वस्ती, व्यवसाय व चालीरीती नोंदविल्या. के. जे. सावे यांचा 'द वारलीज्' हा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. रूढी, देवदैवते व विधी यांच्या तपशिलासाठी तो आजही उपयोगी पडतो. धर्मप्रसारक, प्रशासक आणि समाजसेवक असे हे लेखक असल्यामुळे त्यांचे प्रश्नही त्या त्या कामातून आलेले आहेत. वारली कशाला देव मानतात, ते कर्जबाजारी का होतात, हे त्यांनी विचारले. तारपा कोणत्या स्वरांत वाजतो, हा प्रश्न त्यांच्या कामाचा नव्हता व तो त्यांनी विचारला नाही याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

सावे यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, मे १९४५ मध्ये, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धच्या वारल्यांच्या उठावाला तोंड फुटले. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात त्या लढ्याची हकिगत सांगितली असून त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या इतिहासातील 'लग्नगडी' ही संज्ञा संगीताच्या अभ्यासकाने थांबून पाहण्यासारखी आहे. लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून पैसे घेऊन त्या बदल्यात वर्षानुवर्षे राबणारा तो लग्नगडी. आता वारल्यांचे पारंपरिक लग्न लावते कोण? धवलेरी. ही स्त्री देवचौकासमोर गीते म्हणत विधी पुढे नेते. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. अर्थात ज्या गाण्याकडे आज 'लोकगीत' म्हणून कौतुकाने पाहिले जाते, त्या गाण्याने लागणाऱ्या लग्नापायी माणसाने स्वतःला गहाण टाकलेले असे. वेठीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गाणे बाजूला ठेवले आणि गाणी संकलित करणाऱ्यांनी वेठ. दोहोंचा एकत्र विचार करील असा विषय विद्यापीठात नव्हता.

चौक कागदावर आला

१९७० च्या दशकाच्या आरंभी विव्हर्स सर्व्हिस सेंटरचे भास्कर कुलकर्णी डहाणू परिसरात आले आणि झोपडीच्या भिंतीवरील चित्रे कागदावर उतरू लागली. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी या कलेला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यशोधरा दालमिया यांचा ललित कला अकादमीने १९८८ मध्ये काढलेला इंग्रजी ग्रंथ या चित्रसृष्टीचा महत्त्वाचा अभ्यास होय. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले.

या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट घडली, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. लग्नातला चौक सुवासिनी काढीत आणि त्यात पालघट देवी बसे; चित्र व गाणे हे एकाच विधीचे दोन हात होते. चौक कागदावर आला तेव्हा धवलेरीचे गाणे त्याच्याबरोबर आले नाही. कागद विकता येतो, चौकटीत बसविता येतो, परदेशी पाठविता येतो. गाण्याला गाणारी लागते, लग्न लागते आणि तो दिवसही लागतो. चित्रकलेच्या अभ्यासकांना चित्र मिळाले. गाणे ज्यांनी घ्यायचे ते संगीताचे अभ्यासक त्या वेळी कोठे होते?

संगीतशास्त्राचा मार्ग

ते रागाच्या अभ्यासात गुंतलेले होते, आणि त्यामागे ऐतिहासिक कारणे होती. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. घराण्यांच्या बंदिस्त दालनातील विद्या अभ्यासक्रम, स्वरलिपी व परीक्षा यांच्या आधारे सर्वांना खुली करणे हे त्या पिढीचे कार्य होते आणि ते मोठे होते. परंतु विद्यापीठांनी हाच साचा स्वीकारल्यामुळे 'संगीत' म्हणजे रागसंगीत असे समीकरण पदव्युत्तर पातळीपर्यंत पक्के झाले. लोकगीते मराठी विभागाकडे गेली. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी लोकसाहित्याची मोलाची उभारणी केली. पण नावाप्रमाणेच ते साहित्य होते. शब्द टिपले गेले, चाल बहुधा गाणाऱ्याच्या गळ्यातच राहिली.

पाश्चात्त्य विद्यापीठांत याच सुमारास निराळी हालचाल चालू होती. याप कुन्स्ट यांनी १९५० मध्ये 'एथ्नोम्युझिकॉलॉजी' ही संज्ञा पुढे आणली, १९५५ मध्ये अमेरिकेत या विषयाची संस्था स्थापन झाली, आणि अ‍ॅलन मेरियम यांनी १९६४ च्या ग्रंथात संगीताचा विचार संकल्पना, वर्तन व ध्वनी अशा तीन पातळ्यांवर व्हावा असे मांडले. या त्रिसूत्रीने पाहिल्यास डहाणूची स्थिती चटकन उलगडते. येथील संकल्पना आणि वर्तन मानवशास्त्राने टिपले, ध्वनी कोणीच टिपला नाही. इकडे संगीत विभागांनी ध्वनीच तेवढा घेतला, तोही दुसऱ्या संगीताचा.

मराठीत ही फट ओळखणारे अभ्यासक म्हणजे डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११). मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते १९६८ पासून १९८३ पर्यंत संचालक होते. त्यांचा 'लोकसंगीतशास्त्र' हा ग्रंथ १९७५ चा. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशी संगीताची कोटिव्यवस्था त्यांनी मांडली. 'आदिम' हा शब्द आज खटकतो आणि खटकावाही; तथापि त्या मांडणीने आदिवासी संगीताला कलासंगीताचे अप्रगत रूप न मानता स्वतःचे नियम असलेली कोटी मानले. १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे ध्वनिसंग्रहालय पुण्यात सुरू झाले. रानडे काही काळ तेथेही संशोधन पाहात होते. संस्था दिल्लीकडे गेली. रानड्यांनी दाखविलेली दिशा मुंबईतच राहिली, पण तिच्यावरून डहाणूपर्यंत चालत गेलेले थोडे.

वाद्य हेच साधन

तारप्याकडे साधन म्हणून पाहिले तर किती प्रश्न उभे राहतात! वाळवलेला दुधी भोपळा हे त्याचे हवेचे पात्र. त्याला मेणाने बसविलेल्या दोन नळ्या, आत जिभेसारखी कापलेली कंप पावणारी पट्टी आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. रचनेने तो गारुड्याच्या पुंगीचा आप्त, कोकणा समाजातील पावरीचा तर सख्खा भाऊ. भरताच्या चतुर्विध वर्गीकरणात तो सुषिर ठरतो. (हेच वर्गीकरण शौरींद्रमोहन टागोरांच्या वाद्यसंग्रहाबरोबर ब्रुसेल्सला गेले, तेथे माहियों यांनी ते उचलले आणि त्यावर हॉर्नबॉस्टेल व साक्स यांची १९१४ ची पद्धती उभी राहिली. आपले विद्यार्थी ती परकी म्हणून पाठ करतात.) वादक नाकाने श्वास घेत गालांतली हवा सोडीत राहतो, त्यामुळे नाद तुटत नाही. चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावले बदलतात आणि पुढच्याच्या हातातील घुंगुरकाठी लय धरते. येथे संगीतरचनेचा नियम ओळखायचा तर बोटांबरोबर पायही पाहावे लागतात. पेटीच्या बारा स्वरांत तारपा बसविण्याचा प्रयत्न केला की नेमके वेगळेपणच गळून पडते.

शिवाय तारप्याला ऋतू आहे. भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीच्या आगेमागे तो वाजतो. घांगळीवर कणसरीची कथा लागते तीही धान्याशी बांधलेली. शैक्षणिक सत्राच्या सोयीने उन्हाळ्यात गेलेला संशोधक मागणीवरून वाजविलेला तारपा ध्वनिमुद्रित करून आणतो. त्या मुद्रणात स्वर असतात, पीक नसते.

प्रवेशाचा प्रश्न

बहुतेक विद्यापीठांत संगीताच्या एम. ए. ची प्रात्यक्षिक परीक्षा रागगायन वा वादनाची असते. तलासरीतील एखाद्या विद्यार्थ्याने आजोबांकडून तारपा उचलला असेल, पंचवीस चाली व त्यांची पावले त्याला ठाऊक असतील, तरी त्या परीक्षेत त्याचे ज्ञान शून्य गुणांचे. तो इतिहासात वा मराठीत पदवी घेतो आणि तारपा घरच्या आढ्याला राहतो. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने लोककलांना पदव्युत्तर स्थान दिले ही महत्त्वाची घटना असली, तरी तमाशा, दशावतार, गोंधळ यांच्या पंक्तीत वारली संगीत एका घटकापुरते उरणार असेल तर मूळ अडचण कायम राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय अभ्यासाची भाषा आणली आहे. प्रात्यक्षिकाच्या यादीत तारप्याची एक ओळ वाढविण्यास त्याहून मोठा आधार लागू नये.

संग्रहाच्या नैतिकतेचा धडा जवळच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुणे जिल्ह्यातून आरंभ करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. २०१७ पासून त्या 'परी' या संकेतस्थळावरून लोकांसमोर येत आहेत. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव आहे. डहाणूच्या धवलेरींची नावे अशा रीतीने कोठे लिहिली गेली, हे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

सीमेचाही अडसर आहे. १९६० च्या द्विभाजनात उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, राहिलेला तलासरीकडे आला आणि दादरा-नगरहवेलीचे प्रशासन वेगळे. वारली पाडे तिन्हीकडे आहेत. विद्यापीठांची कार्यक्षेत्रे मात्र सीमेवर थांबतात. झरीच्या पाड्यातला तारपा आणि पलीकडच्या पाड्यातला तारपा यांच्या नळ्यांची लांबी, भोकांमधील अंतर व चाली एकत्र मोजणारा एक प्रबंध दोन राज्यांच्या मार्गदर्शकांनी मिळून, भात कापणीच्या तोंडावर हाती घेतल्यास दोन हंगामांत पुरा होऊ शकेल.