मानोन रेओम

मानोन रेओम (जन्म: २४ फेब्रुवारी १९७२, क्वेबेक, कॅनडा) या कॅनडाच्या माजी व्यावसायिक आइस हॉकी खेळाडू आहेत. त्या गोलरक्षक म्हणून खेळत. २३ सप्टेंबर १९९२ रोजी टॅम्पा बे लाइटनिंग संघाकडून पूर्वहंगामी सामन्यात उतरून त्या नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) सामन्यात खेळणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. कॅनडाच्या राष्ट्रीय संघाकडून त्यांनी दोन विश्वविजेतेपदे आणि १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले.

पार्श्वभूमी

आइस हॉकीमध्ये प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फाच्या मैदानावर असतात आणि चेंडूऐवजी रबराची कठीण चकती, म्हणजे पक, वापरली जाते. सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या तीन सत्रांत खेळला जातो. पुरुषांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन रोखणे नियमाला धरून असते. मात्र गोलरक्षकाला अशी धडक देता येत नाही. त्यामुळे पुरुषांच्या संघात शिरू पाहणाऱ्या महिलेला इतर जागांपेक्षा गोलरक्षकाची जागा अधिक आवाक्यातील होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी महिला आइस हॉकीपटूंना उपजीविका होईल असे वेतन देणारी महिलांची स्वतंत्र लीग उत्तर अमेरिकेत नव्हती. व्यावसायिक खेळाडू व्हायचे असल्यास पुरुषांच्या संघात स्थान मिळवण्याखेरीज फारसा पर्याय नव्हता.

सुरुवातीचे जीवन

रेओम यांचे बालपण क्वेबेक शहराजवळील लाक-बोपोर येथे गेले. त्या लहान वयातच बर्फावर घसरण्यास शिकल्या आणि भावांबरोबर खेळताना गोलरक्षण करू लागल्या. त्यांचे बंधू पास्काल रेओम हेही पुढे एनएचएलमध्ये खेळले. १९८४ मध्ये क्वेबेकच्या प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय पी-वी स्पर्धेत खेळणाऱ्या त्या पहिल्या मुलगी ठरल्या.

२६ नोव्हेंबर १९९१ रोजी त्या क्वेबेकच्या मेजर ज्युनिअर लीगमधील त्रुआ-रिव्हियेर द्राव्हर संघाकडून ग्रॅनबी संघाविरुद्ध मैदानात उतरल्या. या स्तरावर खेळणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. सुमारे १७ मिनिटांच्या खेळानंतर पक मुखवट्यावर आदळून चेहऱ्याला जखम झाल्याने त्यांना मैदान सोडावे लागले.

टॅम्पा बे लाइटनिंग

टॅम्पा बे लाइटनिंग हा संघ १९९२-९३ च्या मोसमात एनएचएलमध्ये नव्याने दाखल झाला होता. संघाचे महाव्यवस्थापक आणि माजी खेळाडू फिल एस्पोझिटो यांनी रेओम यांना सराव शिबिरासाठी बोलावले. हॉकीची परंपरा नसलेल्या फ्लोरिडात नव्या संघाकडे लोकांचे लक्ष वेधणे हा या निमंत्रणामागील एक हेतू असल्याचे एस्पोझिटो यांनी लपवले नाही. केवळ महिला असल्यामुळे यापूर्वी अनेकदा नकार मिळाल्याने, होकारामागे कोणतेही कारण असले तरी ही संधी सोडायची नाही, अशी रेओम यांची भूमिका होती.

सेंट लुइस ब्लूजविरुद्धच्या सामन्यात त्यांनी पहिले सत्र पूर्ण खेळले. त्यांच्या दिशेने आलेल्या नऊ फटक्यांपैकी सात त्यांनी अडवले. जेफ ब्राउन आणि ब्रेंडन शॅनाहन यांना गोल करता आले. १९९३ मध्येही त्या लाइटनिंगकडून बोस्टन ब्रुइन्सविरुद्ध एक पूर्वहंगामी सामना खेळल्या.

व्यावसायिक कारकीर्द

शिबिरानंतर लाइटनिंगशी संलग्न असलेल्या, इंटरनॅशनल हॉकी लीगमधील अटलांटा नाइट्स संघाने रेओम यांच्याशी करार केला. १३ डिसेंबर १९९२ रोजी सॉल्ट लेक गोल्डन ईगल्सविरुद्ध त्या सहा मिनिटांहून थोडा कमी वेळ खेळल्या आणि पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या नियमित मोसमातील सामन्यात खेळणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पुढील काही वर्षांत त्यांनी नॉक्सव्हिल, नॅशव्हिल, लास व्हेगास आणि रीनो येथील दुय्यम लीगच्या संघांकडून गोलरक्षण केले. वारंवार संघ बदलावे लागल्यामुळे एका जागी स्थिर होऊन दीर्घकाळ खेळण्याची संधी त्यांना क्वचितच लाभली.

राष्ट्रीय संघ

महिलांच्या आंतरराष्ट्रीय हॉकीत रेओम यांचे स्थान स्वकर्तृत्वावर उभे होते. १९९२ मध्ये फिनलंडमधील टांपेरे येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कॅनडाने अंतिम सामन्यात अमेरिकेचा ८-० असा पराभव केला. स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात गोलरक्षक म्हणून रेओम यांची निवड झाली. १९९४ मध्ये लेक प्लॅसिड येथेही कॅनडाने अमेरिकेला ६-३ ने नमवून विजेतेपद राखले.

१९९७ च्या जागतिक स्पर्धेसाठीच्या संघातून त्यांना वगळण्यात आले. परंतु पुढच्याच वर्षी त्यांनी ऑलिंपिक संघात पुनरागमन केले. महिला आइस हॉकीचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झालेल्या नागानो येथील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्या कॅनडाच्या गोलरक्षक होत्या. १७ फेब्रुवारी १९९८ रोजी झालेला हा सामना अमेरिकेने ३-१ असा जिंकला. अमेरिकेचा तिसरा गोल, कॅनडाने अखेरच्या क्षणी बरोबरीच्या प्रयत्नात गोलरक्षकाला मागे बोलावल्यानंतर, रिकाम्या जाळीत झाला.

निवृत्तीनंतर

निवृत्तीनंतर रेओम यांनी मिशिगनमध्ये मुलींच्या संघांना प्रशिक्षण दिले. तरुण महिलांच्या शिक्षणासाठी साहाय्य करणारी एक संस्थाही त्यांनी स्थापन केली. २०२२ मध्ये त्या एनएचएलमधील लॉस एंजेलिस किंग्ज संघाच्या हॉकी विभागात रुजू झाल्या.

वारसा

रेओम यांच्या निवडीमागे गुणवत्ता किती आणि प्रसिद्धीचा हेतू किती, हा वाद त्यांच्या कारकिर्दीभर चालू राहिला. एनएचएलच्या नियमित मोसमातील सामन्यात त्यांना कधीही खेळवण्यात आले नाही आणि त्यांच्यानंतरही ती संधी कोणत्याही महिलेला मिळालेली नाही. दुय्यम लीगमध्ये मात्र ही वाट पुढे गेली: कॅनडाच्याच शॅनन झाबाडोस यांनी डिसेंबर २०१५ मध्ये कोलंबस कॉटनमाउथ्सकडून एकही गोल न स्वीकारता विजय मिळवला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल विमेन्स हॉकी लीगने महिला खेळाडूंना वेतन देण्यास प्रारंभ केला, तर जानेवारी २०२४ मध्ये प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगचे सामने सुरू झाले. त्यामुळे आजच्या महिला गोलरक्षकाला व्यावसायिक होण्यासाठी पुरुषांच्या संघातील जागेवर अवलंबून राहावे लागत नाही.