सदऱ्यावरील विडंबन आणि न्यायासन

या शतकाच्या आरंभी केप टाउन येथील एका लहानशा संस्थेने काही टी-शर्ट छापून विक्रीस काढले. त्यांवरील चार ओळींचा निवाडा करण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील तीन न्यायालयांस आपले पांडित्य खर्ची घालावे लागले. ‘लाफ इट ऑफ’, म्हणजे ‘हसण्यावारी न्या’, असे त्या संस्थेचे नाव. नामांकित कंपन्यांच्या व्यापारचिन्हांत थोडा फेरफार करून त्यांतून सामाजिक टीका साधावयाची, हा तिचा उद्योग होता.

त्या देशात ‘कार्लिंग ब्लॅक लेबल’ नावाची बिअर मोठ्या प्रमाणावर खपते. बाटलीवरील चिठ्ठीचा रंग, आकार व अक्षरांची ठेवण तशीच राखून या मंडळींनी ‘ब्लॅक लेबल’च्या जागी ‘ब्लॅक लेबर’ आणि ‘कार्लिंग बिअर’च्या जागी ‘व्हाइट गिल्ट’, अर्थात काळ्यांचे श्रम व गोऱ्यांचा अपराध, असे शब्द बसविले. मूळ चिठ्ठीवर बिअरच्या जोमदारपणाची प्रौढी होती. तिच्याऐवजी ‘१६५२ पासून चालत आलेले आफ्रिकेचे जोमदार शोषण’ अशा अर्थाची ओळ आली. १६५२ या आकड्यातच सारे मर्म साठविलेले होते. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी यान व्हान रीबेक केपच्या किनाऱ्यावर उतरला व तेथील गोऱ्या वसाहतीचा पाया घातला गेला. साडेतीन शतकांचा इतिहास अशा रीतीने एका सदऱ्याच्या छातीवर मावला.

कंपनीस ही थट्टा मानवली नाही. १९९३ च्या व्यापारचिन्ह कायद्यात अशी तरतूद आहे की, नामांकित चिन्हाच्या वैशिष्ट्याचा वा लौकिकाचा कोणी अन्यायाने लाभ उठविल्यास अथवा त्यास बाध आणल्यास न्यायालय त्यास मनाई करू शकते. त्याच्या आधारे २००३ मध्ये उच्च न्यायालयाने मनाईहुकूम दिला आणि २००४ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. अपील न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : शोषणाचा व वंशभेदाचा आरोप या चिन्हाला चिकटला की त्याचा लौकिक मलिन होणारच; शिवाय हे सदरे पैसे घेऊन विकले जात असल्यामुळे भाषणस्वातंत्र्याची ढाल त्यांच्या मागे उभी करता येत नाही.

प्रकरण संविधान न्यायालयापुढे गेले. तेथील न्यायमूर्तींपैकी दोघांचे पूर्वचरित्र ध्यानात घेण्याजोगे आहे. मुख्य निकालपत्र लिहिणारे डिकगांग मोसेनेके यांस वयाच्या पंधराव्या वर्षी अटक होऊन रॉबेन बेटावर दहा वर्षांचा तुरुंगवास घडला होता. स्वतंत्र पण सहमतीचे निकालपत्र लिहिणारे ॲल्बी सॅक्स यांनी १९८८ मध्ये मापुटो येथे झालेल्या बाँबस्फोटात उजवा हात व एका डोळ्याची दृष्टी गमावली होती. वर्णद्वेषी राजवटीने मुस्कटदाबी कशी केली, हे या दोघांस ग्रंथांतून शिकावयाचे नव्हते.

२७ मे २००५ रोजी निकाल लागला आणि मनाईहुकूम रद्द झाला. मोसेनेके यांचा मुद्दा पुराव्याचा होता. हा कायदा व्यापारी हितासाठी आहे. म्हणून लौकिकास बाध आला, एवढे म्हणून भागत नाही. चिन्हाच्या विक्रीमूल्यास भरीव आर्थिक हानी पोचण्याचा संभव आहे, हे वस्तुस्थितीने दाखवावे लागते. या थोड्याशा सदऱ्यांमुळे बिअरचा खप घटला वा घटेल, असे कंपनीने कोठेही सिद्ध केले नव्हते. सॅक्स यांनी तर, कायद्यास विनोदबुद्धी असते काय, याच प्रश्नापासून आरंभ केला. विडंबन मूळ वस्तूस हात लावल्यावाचून होतच नाही, तेव्हा अनुकरण हाच त्याचा दोष मानला तर विडंबनाचा मार्गच बंद होतो, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

येथे व्यापारचिन्ह व स्वामित्वहक्क यांतील भेद लक्षात ठेवावयास हवा. पहिल्याने मालाची ओळख रक्षिली जाते, दुसऱ्याने कृतीचा आविष्कार. पण विडंबनाचा प्रश्न दोहोंकडे येतो. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात टीका वा समीक्षा यांसाठी केलेल्या रास्त वापरास मुभा आहे. ‘विडंबन’ हा शब्द मात्र नाही. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळी नाटकास सिव्हिक चंद्रन यांनी लिहिलेल्या प्रतिनाटकाचा वाद आला. किती मजकूर घेतला, कशासाठी घेतला आणि नवी कृती जुनीशी स्पर्धा करील काय, हे पारखून न्यायालयाने प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला. पुढे २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, धामरा बंदराच्या वादात टाटांच्या नावाची थट्टा करणाऱ्या ग्रीनपीसच्या संगणकीय खेळास अंतरिम मनाई करण्याचे नाकारले.

मराठी वाचकास हे सारे अगदीच परके वाटू नये. १९२५ साली आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली, तेव्हा समकालीन कवींच्या रचना त्यांनी उघडउघड समोर ठेवल्या होत्या. आणि ते पुस्तक काही फुकट वाटले गेले नव्हते. पैसे घेतले म्हणून टीका टीका राहत नसेल, तर वृत्तपत्रे व नाटकेही त्याच न्यायाने बाद ठरतील.

तथापि या निकालाने चिन्हे उचलण्याचा सरसकट परवाना दिला, असे कोणी समजू नये. दुसऱ्याचे चित्र जसेच्या तसे सदऱ्यावर उतरवून विकणारा विडंबनकार नव्हे. तो परक्या कष्टावर दुकान मांडतो. शिवाय हानीचा पुरावा पुढे आला असता, तर याच खटल्याचा शेवट कदाचित निराळा झाला असता. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. शेवटचा निकाल हाती येईपर्यंत दोन न्यायालयांत हार पत्करावी लागली होती. इतकी दमछाक ज्यास परवडत नाही, असा छापणारा वकिलाची पहिली नोटीस येताच आपले ठसे पुसून टाकतो. आणि त्याचा विनोद न्याय्य होता की नव्हता, हे ठरविण्याची वेळ कोणत्याच न्यायासनावर येत नाही.