मेल्यावर काय होतं? बायबल नेमकं काय सांगतं

माणूस मेल्यावर त्याचं पुढे काय होतं, याचं ख्रिस्ती उत्तर बहुतेकांना एका ओळीत माहीत असतं: चांगल्याचा आत्मा स्वर्गात, वाईटाचा नरकात. बायबल उघडून वाचणाऱ्याला ही ओळ इतकी सरळ कुठे सापडत नाही. तिथे मरणासाठी पुन्हा पुन्हा येणारा शब्द आहे ‘झोप’, आणि मुख्य आशा आहे ती कबरीतून उठण्याची, म्हणजे पुनरुत्थानाची. स्वर्ग आणि नरक दोन्ही बायबलमध्ये आहेत, पण त्यांची जागा या मोठ्या कथेच्या आत आहे.

नांदेड-लातूरच्या वाचकाला हे समजायला एक सोय आहे. या भागात मेलेल्या माणसाचं काय करायचं, याच्या कितीतरी रीती शेजारीशेजारी नांदतात. कुणाला अग्नी देतात, कुणाचं दफन होतं, लिंगायत समाजात समाधी दिली जाते. नांदेडला तर गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथे देह ठेवला, तिथल्या गुरुद्वाऱ्याचं नावच ‘सचखंड’ आहे, म्हणजे शीख परंपरेतलं सत्याचं धाम. प्रत्येक रीतीमागे मरणोत्तर प्रवासाची एक वेगळी कल्पना आहे. बायबलची कल्पना त्यांतल्या कुणाशी जुळते आणि कुणापासून दूर जाते, हे पाहिलं की ती लवकर कळते.

जुन्या करारातली माती आणि श्वास

सुरुवात उत्पत्तीच्या पुस्तकापासून होते. देव मातीपासून माणूस घडवतो, त्याच्या नाकात श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत प्राणी होतो. इथे मूळ हिब्रूत ‘नेफेश’ हा शब्द आहे, आणि तोच शब्द त्या पुस्तकात जनावरांसाठीही आला आहे. म्हणजे माणसाच्या ‘आत’ एक अमर आत्मा ठेवला, असं इथे म्हटलेलं नाही. माती अधिक श्वास मिळून माणूस. मरण म्हणजे याचं उलट: माती मातीत, आणि श्वास ज्याने दिला त्याच्याकडे परत. उपदेशकाचं पुस्तक तर माणूस आणि पशू यांचा श्वास एकच आहे, असंही बोलून जातं. कापड जुनं झालं की बदलावं तसा देह बदलणारा आत्मा ज्यांच्या मनात लहानपणापासून बसलेला आहे, त्यांना हे वाचून जरा थबकायला होतं.

मग मेलेले जातात कुठे? जुना करार उत्तर देतो, शेओल. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘अधोलोक’ हा शब्द आहे. तिथे राजा जातो आणि चाकरही जातो, नीतिमान जातो आणि दुष्टही. तिथे बक्षीस नाही, शिक्षाही नाही. अंधार, शांतता, विस्मरण. मेलेल्यांना काहीच कळत नाही, असं उपदेशक स्पष्ट म्हणतो. ईयोब तर दुःखाच्या भरात तिथली विश्रांती मागतो. बायबलच्या या मोठ्या भागात मेलेल्यांसाठी स्वर्गाचं आश्वासन जवळजवळ नाहीच, आणि ही गोष्ट रविवारच्या प्रवचनांत फारशी ऐकू येत नाही.

मेलेले उठतील, ही आशा उशिरा स्पष्ट होते. यशयाच्या पुस्तकात तिची चाहूल आहे. दानीएलच्या शेवटच्या अध्यायात ती उघड येते. धुळीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, काही सार्वकालिक जीवनासाठी आणि काही अप्रतिष्ठेसाठी. अनेक अभ्यासक हा मजकूर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला मानतात. त्या काळात यहुदी लोक आपल्या धर्मासाठी मारले जात होते. जो देवाशी निष्ठावान राहिला म्हणून मेला, त्याचाही हिशेब अधोलोकातच संपायचा का, हा प्रश्न तेव्हा फार टोकदार झाला होता. येशूच्या काळापर्यंत यावरून यहुद्यांमध्ये सरळ दोन तट होते: परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत.

शब्दांची अडचण

बायबल मराठीत आणताना या साऱ्या कल्पनांना शब्द शोधावे लागले, आणि मराठीतले शब्द रिकामे नव्हते. इंग्लंडमधून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यांनी स्वर्गासाठी चक्क ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. ऐकणाऱ्याला तो लगेच कळे, पण विष्णूसकट कळे. पुढच्या भाषांतरकारांनी तो टाळला आणि ‘स्वर्ग’ घेतला. त्यालाही पुण्य संपलं की परत खाली यायचं, हा अर्थ आधीपासून चिकटलेला होताच.

नरकाचं तर आणखी गुंतागुंतीचं. नव्या करारातल्या ग्रीकमध्ये ‘हेडीस’ आणि ‘गेहेन्ना’ हे वेगळे शब्द आहेत. हेडीस म्हणजे मेलेल्यांची जागा, जुन्या शेओलचंच ग्रीक नाव. गेहेन्ना हे यरुशलेमजवळच्या हिन्नोम खोऱ्याचं नाव. तिथे कधीकाळी मुलांचे बळी दिले गेले होते, आणि म्हणून ती शापित जागा मानली जाई. येशू अंतिम नाशाबद्दल बोलतो तेव्हा तो या खोऱ्याचं नाव घेतो. प्रचलित मराठी बायबलमध्ये पहिल्याला ‘अधोलोक’ आणि दुसऱ्याला ‘नरक’ म्हटलं आहे, ही चांगली सोय आहे. बोलताना मात्र दोन्हींचा ‘नरक’ होतो, आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर यमदूत आणि तेलाच्या कढया उभ्या राहतात. त्या गरुडपुराणातल्या; बायबलमध्ये त्या नाहीत.

नवा करार: बी आणि रोप

योहानाच्या शुभवर्तमानात बेथानीचा लाजर मरतो. येशू शिष्यांना सांगतो की तो झोपला आहे, मी त्याला उठवायला जातो. तो पोहोचतो तेव्हा लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. त्याची बहीण मार्था म्हणते, शेवटच्या दिवशी तो उठेल हे मला माहीत आहे. तो आता स्वर्गात सुखी आहे, असं ती म्हणत नाही. त्या काळच्या यहुदी घरातली साधी समजूत या एका वाक्यात दिसते.

इसवी सन ५० च्या सुमाराचं पौलाचं थेस्सलनीकाकरांना पहिलं पत्र याच दुःखातून निघालं आहे. येशू परत येण्याआधीच आपली माणसं मेली, आता त्यांचं काय, म्हणून ते लोक खचले होते. पौल त्यांना सांगतो की निजलेले आधी उठतील. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो शेतकऱ्याला पटेल असा दाखला देतो. पेरतो ते बी, उगवतं ते रोप; दोन्ही एकच, तरी रूप वेगळं. पेरलेला दाणा मातीत मेल्याशिवाय उगवत नाही. पौल गव्हाचं नाव घेतो. लातूरच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको. पौलाचा मुद्दा असा की उठणारं शरीर हेच असेल आणि तरी असंच नसेल. ते नाशवंत नसेल. आणि येशू स्वतः उठला नसेल, तर ख्रिस्ती विश्वासाला काही अर्थच उरत नाही, हेही तो त्याच अध्यायात बिनदिक्कत मान्य करतो.

मरण आणि तो शेवटचा दिवस यांच्या मधल्या काळात काय? इथे ख्रिस्ती लोकांचं आपसात जमत नाही, कारण बायबलच दोन सूर लावतं. लूकच्या शुभवर्तमानात येशू वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला ‘आज’ सुखलोकाचं वचन देतो. पण मूळ ग्रीकच्या जुन्या हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हती, म्हणून ‘आज सांगतो’ की ‘आज असशील’ असा वाद घालता येतो. बहुतेक भाषांतरकार दुसरा अर्थ घेतात. त्याच पुस्तकात श्रीमंत माणूस आणि दारात पडलेला भिकारी लाजर (हा बेथानीचा नव्हे) यांची गोष्ट आहे. मेल्यावर एक यातनेत, दुसरा अब्राहामाच्या उराशी. ही परलोकाची माहिती मानायची, की गरिबाकडे पाठ फिरवणाऱ्याला दिलेला इशारा? गोष्टीचा रोख पाहता दुसरंच जास्त पटतं.

कॅथलिक चर्च म्हणतं, मरताच प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो आणि ज्यांची शुद्धी अपुरी राहिली आहे ते शुद्धिस्थळातून जातात. मृतांसाठी प्रार्थना त्यासाठीच. त्याचा एक आधार मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. प्रोटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थळ मानत नाहीत. विश्वासणारा लगेच ख्रिस्ताजवळ जातो, असं त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट आणि यहोवाचे साक्षीदार मृत्यूला अक्षरशः झोप मानतात आणि अनंत यातना नाकारतात.

शेवट मात्र सगळ्यांचा एका ठिकाणी येतो: पुनरुत्थान, न्याय, आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं नवं आकाश व नवी पृथ्वी. त्या चित्रात माणसं वर उडून जात नाहीत. देवाचं नगर खाली, माणसांत उतरतं.

पुनर्जन्म, भूत आणि किल्लारी

बायबलमध्ये पुनर्जन्म नाही. इब्रीकरांस पत्रात माणसाला एकदाच मरायचं आणि मग न्याय, असं आहे. मेलेल्यांना बोलावणं, त्यांना प्रश्न विचारणं याला अनुवादाच्या पुस्तकात सक्त मनाई आहे. शौल राजा एनदोरच्या बाईकडून मेलेल्या शमुवेलला वर बोलावतो ती गोष्ट बायबलमध्येच आहे खरी, पण ती राजाच्या अधःपतनाची गोष्ट आहे.

मागल्या जन्मीचं पाप या जन्मी फेडायचं, हा विचार इथे बसत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. याहून थेट प्रसंग लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो.

लातूर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणपती विसर्जन उरकून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद यांखाली हजारो माणसं गेली. एवढ्या मोठ्या मरणानंतर ‘कुणाच्या पापाचं फळ’ हा सूर कुठेही निघतो. लूकचा तेरावा अध्याय तो हिशेब मांडू देत नाही. मात्र येशू तिथेच थांबत नाही. तो ऐकणाऱ्यांना म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. मेलेल्यांचा निवाडा सोडून तो बोट जिवंतांकडे वळवतो.

दफन की दहन?

ख्रिस्ती लोक दफन करतात, ते उठण्याच्या या आशेमुळे. इथल्या रीतींशी तुलना केली तर मुस्लिम शेजाऱ्यांची कयामत या कल्पनेच्या सर्वांत जवळची: कबरीत वाट पाहणं, मग उठणं, मग हिशेब. लिंगायतही दफन करतात. इष्टलिंगासह बसलेल्या स्थितीत समाधी देतात, पण त्यामागचा भाव वेगळा. मृत व्यक्ती लिंगैक्य झाली, शिवाशी एकरूप झाली. परत उठायचं कारण उरत नाही.

दफन केलंच पाहिजे, अशी आज्ञा बायबलमध्ये नाही. समुद्रात बुडालेला किंवा आगीत गेलेला माणूस देवाला उठवता येत नाही, असं कुठलंही चर्च म्हणत नाही. तरी कॅथलिक चर्चने शतकानुशतकं दहनाला विरोध केला. १९६३ मध्ये त्याने ही बंदी सैल केली. अट एवढीच की पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहन निवडलेलं नसावं. २०१६ मध्ये व्हॅटिकनने आणखी स्पष्ट केलं की अस्थी आणि राख विखरू नये, घरीही ठेवू नये, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी. नांदेड आणि लातूर १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात, तेव्हा तिथल्या कॅथलिकांनाही हेच लागू होतं. अस्थी गोदावरीत सोडायच्या की नाही, हा प्रश्न नात्यागोत्यात हिंदू माणसं असलेल्या घरात उभा राहू शकतो. त्याचं चर्चचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

इंग्रजीत दफनभूमीसाठी असलेला ‘सिमेटरी’ हा शब्द ‘झोपण्याची जागा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कॅथलिक कुटुंबं कबरी झाडून-पुसून त्यांवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात.