रेडियमच्या दुकानापासून रुखवताच्या टेबलापर्यंत



नांदेडच्या किंवा लातूरच्या बसस्टँडजवळून चालत गेलात, तर रेडियमचं एखादं दुकान हमखास लागतं. नंबरप्लेटवरचे आकडे, रिक्षाच्या काचेवरचं ‘आईचा आशीर्वाद’, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरची मुलांची नावं, सगळं तिथंच होतं. पूर्वी तो दुकानदार हातात ब्लेड घेऊन एकेक अक्षर कापायचा. आता त्याच्या शेजारी एक लांबट यंत्र असतं. त्याला प्लॉटर म्हणतात. यंत्रातलं नखाएवढं पातं सरसर फिरतं आणि अक्षर कापून तयार! आपल्या गटांमध्ये सध्या ज्या घरगुती कटिंग मशीनची चर्चा चालू आहे, ती या प्लॉटरचीच धाकटी बहीण. आज तिची कुळकथा सांगते. कर्ज काढून मशीन घेण्याआधी ती ऐकलेली बरी.

पात्याला कुठं वळायचं ते कसं कळतं? याचं उत्तर आपल्या अंगणातच आहे. ठिपक्यांची रांगोळी आपण एकमेकींना कशी सांगतो? ‘अकरा ते सहा ठिपके, मधल्या ठिपक्यापासून पाकळी काढ.’ चित्र दाखवावं लागत नाही, आकडे आणि रेघ सांगितली की पुरतं. तीच रांगोळी वहीच्या पानावर येते आणि दारातही मावते. संगणकात चित्र ठेवायची अशीच एक पद्धत आहे, तिला व्हेक्टर म्हणतात. मोबाइलमधला फोटो मात्र रंगाच्या बारीक चौकटींचा असतो. तो फार मोठा केला की चौकटी दिसू लागतात आणि कडा फाटते. पात्याला चौकटी नकोत, रेघ हवी.

रेघेचं हे महत्त्व आपल्या भागाला नवं नाही. राष्ट्रध्वजाची खादी आपल्या उदगीरला विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज तयार होतात. ध्वजाची मापं ठरलेली आहेत, एकूण ९. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान १५० बाय १००. मोठ्यावरचं अशोकचक्र १२९५ मिलिमीटर व्यासाचं, लहानावरचं २५ चं. म्हणजे पन्नास पटींहून जास्त फरक, पण आरे दोन्हीकडे २४ च. फोटो ताणून हे जमणार नाही. व्यास आणि कोन माहीत असला तरच जमतं.

सरळ रेघ आकड्यांत सांगणं सोपं, वळणदार रेघ अवघड. ती अडचण सोडवली फ्रान्समधल्या मोटारवाल्यांनी. गाडीचा गोलसर पत्रा यंत्राला कसा समजावायचा, हा त्यांचा प्रश्न होता. १९५९ च्या सुमारास सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी त्यावर गणित बसवलं, पण कंपनीनं ते गुपित ठेवलं. पुढं रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी तसंच काम करून ते प्रसिद्ध केलं. म्हणून आज त्या वळणाला बेझिए यांचं नाव आहे. आधी काम केलेल्याचं नाव मागं राहिलं. आपण बायकांना यात नवल वाटायचं कारण नाही!

कापणारं यंत्र मात्र कापडातून आलं. अमेरिकेत जोसेफ गर्बर यांच्या कंपनीनं १९६९ मध्ये शिवणकामाच्या कारखान्यांसाठी कापडाचे थर कापणारं संगणकी यंत्र आणलं. १९८० च्या दशकात त्याच कंपनीनं पाट्यांची अक्षरं कापणारं यंत्र केलं, आणि ती विद्या फिरत फिरत आपल्या रेडियमच्या दुकानात पोचली. तिथं चालतं ते बहुतेक कोरलड्रॉ, विकतचं आणि महागडं.

फुकटच्या बाजूची गोष्ट वेगळीच आहे. २००१ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं रेघांचं चित्र साठवायची एक खुली पद्धत जाहीर केली. तिचं नाव एसव्हीजी. खुली म्हणजे कुठल्याही कंपनीची मालकी नसलेली. आणि २००३ च्या अखेरीस चार जणांनी सोडिपोडी नावाच्या जुन्या मोफत प्रोग्रॅमपासून वेगळं होऊन इंकस्केप सुरू केलं. ते आजही फुकट आहे. कितीही संगणकांवर टाका, कुणाला विचारावं लागत नाही. मोबाइलवर मात्र चालत नाही, संगणक किंवा लॅपटॉप लागतो.

याच सुमाराला, २००२ मध्ये, आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी एक फॅब लॅब सुरू झाली. फॅब लॅब म्हणजे संगणकावरच्या चित्रावरून वस्तू तयार करायची कार्यशाळा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम काढला होता, हातानं काम करत शिकण्यासाठी. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मदतीनं तिथं ही लॅब आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. अशा लॅबच्या ठरलेल्या यंत्रांत पात्यानं कापणारा विनाइल कटर असतोच. तेव्हा ‘असली यंत्रं शहरातल्यांची’ असं कुणी म्हणालं, तर पाबळचं नाव सांगा.

आता घरगुती मशीनकडे येऊ. क्रिकट कंपनीचं मशीन २००६ च्या आसपास अमेरिकेत आलं. त्यात आपलं चित्र कापायची सोयच नव्हती. कंपनीची कार्ट्रिज विकत घ्यायची आणि त्यात असतील तीच फुलं, तीच अक्षरं कापायची. बाहेरच्या काही लोकांनी स्वतःची चित्रं कापू देणारे प्रोग्रॅम काढले, तर २०११ च्या सुमारास कंपनी त्यांच्यावर कोर्टात गेली आणि त्या प्रोग्रॅमना क्रिकटची सोय काढून टाकावी लागली. पुढं कंपनीनं स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये आपली चित्रं घ्यायला सुरुवात केली. पण मार्च २०२१ मध्ये जाहीर केलं की महिन्याला २० पेक्षा जास्त चित्रं चढवायची तर वर्गणी भरा. पैसे मोजून घरात आणलेलं मशीन, आणि चित्र आपण काढलेलं! जगभरच्या बायका इतक्या चिडल्या की काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. पीठ आपलं, गिरणी आपली, तरी दळणाचा हिशोब दुसऱ्यानं ठेवायचा, असला तो प्रकार.

म्हणून माझं मत असं, की चित्र इंकस्केपमध्ये काढून एसव्हीजीत ठेवावं. मशीन बदललं तरी चित्र आपल्याजवळ राहतं. क्रिकटचा प्रोग्रॅम एसव्हीजी घेतो, पण त्यासाठी खातं उघडावं लागतं. सिल्हूट मशीनचा फुकटचा प्रोग्रॅम एसव्हीजी उघडत नाही. त्यासाठी इंकस्केपमधून तेच चित्र डीएक्सएफ प्रकारात साठवून द्यायचं.

मराठी अक्षरांचं काम मला सगळ्यात आवडतं. इंग्रजी नाव कागदातून कापलं तर एकेक अक्षर सुटं पडतं, प्रत्येक वेगळं चिकटवत बसा. आपलं नाव शिरोरेषेला लटकलेलं असतं, दोरीवरच्या कपड्यांसारखं. बहुतेक नावं कापली की अख्खी उचलता येतात. पण संगणकात ही अक्षरं एकमेकांवर किंचित चढलेली असतात. तसंच कापायला दिलं तर पातं प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा चिरतं आणि सगळी माळ तुटते. उपाय आहे. आधी ‘पाथ’ मेनूतलं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, मग ‘युनियन’. अक्षरं एकजीव होतात. ‘कुंकू’मधला अनुस्वार तरीही सुटतोच, तो थोडा खाली ओढून शिरोरेषेला टेकवावा. रांगोळीचा किंवा कापडावर रंगवायचा छापा करताना उलटं होतं. ‘व’ आणि ‘ब’च्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून तिथं बारीक पूल ठेवावा लागतो. अक्षरं जाड घ्यावीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले बलू आणि मुक्त हे फॉन्ट मोफत आहेत. बलू गुबगुबीत आहे, कापायला छान.

हातानं काढलेली नक्षीही चालते. कागदावर काढा, फोटो घ्या आणि इंकस्केपमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ करा. फक्त पेनाची नुसती रेघ देऊ नका. प्रोग्रॅम त्या रेघेच्या दोन्ही कडा धरतो आणि पातं दोनदा फिरतं. पाकळी आतून काळी भरून मगच फोटो काढावा.

आपल्याकडे या कामाला वाव आला त्यालाही तारीख आहे. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली. थर्माकोलच्या मखरांची जागा पुठ्ठ्यानं आणि कागदानं घ्यायला सुरुवात केली. रुखवतातही तेच झालं. पुठ्ठा जाड असतो, या छोट्या मशीनला तो जड जातो. कार्डशीट आणि स्टिकरचा कागद मात्र ती सहज कापते. जाड पुठ्ठ्यासाठी आपली कात्री आणि कटर आहेतच.

गटात काम सुरू केलंत तर एसव्हीजी फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, मशीनवाल्या कंपनीच्या खात्यात एकटी ठेवू नका. शेजारी एक वही असू द्या. तीत फाइलचं नाव, फॉन्ट, कापायचं माप, कागदाची जाडी आणि नक्षी काढणाऱ्या ताईचं नाव लिहा. इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र असेल तर ते विकायच्या मालावर वापरायची परवानगी आहे का, हेही तिथंच नोंदवा. लग्नसराईत एखाद्या आईनं मागच्या वर्षीचीच मोराची नक्षी मागितली, की वही उघडायची, नाव बदलायचं आणि ‘युनियन’ करून कापायला द्यायचं.