गुरूच्या वर्णपटातील अनोळखी पट्टे

सूर्याचा प्रकाश गुरूच्या ढगांवरून परावर्तित होऊन पृथ्वीकडे येतो, तेव्हा तेथील वायूंनी त्यातील ठरावीक तरंगलांबीचा भाग शोषून घेतलेला असतो आणि वर्णपटात, म्हणजे प्रकाशाच्या रंगवार पसरलेल्या पट्टीत, त्या जागी काळे पट्टे उमटतात. रोममधील जेझुइट खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांना १८६०च्या दशकात गुरूच्या तांबड्या प्रकाशात असे पट्टे दिसले. ते कोणत्या वायूचे, हे मात्र पुढे सुमारे सत्तर वर्षे उलगडले नाही. अमेरिकेतील लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी तांबड्या प्रकाशाला संवेदनशील केलेल्या छायाचित्रण-काचांवर महाग्रहांचे वर्णपट टिपले आणि गुरूकडून नेपच्यूनकडे जावे तसे काही पट्टे गडद होत जातात हे दाखवून दिले, तरीही ओळख पटली नाहीच.

अडचण दुर्बिणीची नव्हती, तर पडताळ्याची होती. मिथेन दृश्य प्रकाश इतका अल्प शोषतो, की प्रयोगशाळेतील आखूड नळीत त्याचा मागमूसही लागत नाही. ६१९ नॅनोमीटरजवळचा पट्टा मिथेनचा आणि ६४७ नॅनोमीटरजवळचा अमोनियाचा, असे रूपर्ट विल्ट यांनी १९३२मध्ये जर्मनीत सुचवले. थिओडोर डनहॅम यांच्या माउंट विल्सनवरील वेधांनी आणि पुढे लांबच लांब नळ्यांत भरलेल्या वायूंवरील प्रयोगांनी ते पक्के झाले.

नेहमीची घडण ठाऊक झाल्यावरच तीतला बदल ओळखता येतो, आणि त्याची मोठी कसोटी जुलै १९९४मध्ये लागली. शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे १६ ते २२ जुलैदरम्यान गुरूच्या दक्षिण गोलार्धावर आदळले, आणि ‘जी’ नावाच्या तुकड्याने पाडलेल्या काळ्या डागाच्या अतिनील वर्णपटात हबल दुर्बिणीला गंधकाचे द्विअणू रेणू व कार्बन डायसल्फाइड आढळले, जे गुरूवर त्याआधी कधीच दिसले नव्हते. डाग काही महिन्यांत विरले. रसायने मात्र टिकली. स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या बऱ्याच वरच्या थरात, असलेले पाणी दक्षिणेकडे अधिक असल्याचे हर्शेल अवकाश-दुर्बिणीच्या नोंदींवरून २०१३मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते मुख्यतः त्या धूमकेतूचेच ठरले. त्याच आघातातून उरलेल्या हायड्रोजन सायनाइडच्या रेषा चिलीतील अल्मा दुर्बिणीने तपासल्या. वायू निरीक्षकाकडे येत असेल वा दूर जात असेल त्यानुसार रेषा किंचित सरकते. त्या सरकण्यावरून गुरूच्या ध्रुवांजवळील स्थितांबरातील वाऱ्यांचा वेग प्रथमच थेट मोजला गेला, आणि २०२१मध्ये जाहीर झालेला तो आकडा सेकंदाला ४०० मीटरपर्यंत पोचतो.