इंजिन-संगणक आणि दुरुस्तीची साधने : अमेरिकेतील स्थित्यंतर

१९८१ साली जनरल मोटर्सने अमेरिकेतील आपल्या पेट्रोल मोटारींच्या इंजिनांचे नियंत्रण संगणकाकडे सोपविले. त्या दशकातील तिच्या अनेक मोटारींत निदान-जोडणीची दोन टोके तारेने जोडली की इशारा-दिव्याच्या लुकलुकण्यावरून दोषांक वाचता येई. त्यातील आज्ञावली बदलण्यासाठी मात्र चिप काढून नव्याने लिहिलेली चिप बसवावी लागे. अशी चिप अतिनील किरणांनी पुसून पुन्हा लिहिता येई. अन्य उत्पादकांच्या जोडण्या व दोषांक निराळे होते.

कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मोटारींपासून स्वयंनिदान सक्तीचे केले. १९९६ च्या मोटारींपासून ओबीडी-२ पद्धती व १६ टोकांची जोडणी देशभर अनिवार्य झाली. यामागील प्रेरणा वायुप्रदूषण-नियंत्रणाची होती, कारागिराच्या सोयीची नव्हती. परिणामी प्रदूषणाशी निगडित दोषांचे वाचन सर्वांना खुले झाले. पुनर्लेखनाची किल्ली मात्र बव्हंशी उत्पादकांकडेच राहिली. या विषमतेतूनच दुरुस्तीच्या हक्काची मागणी बळावली व मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली तसा कायदा झाला.

१९९६ पूर्वीच्या बहुतेक मोटारींना ओबीडी-२ चे साधन लागू पडत नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत उत्पादक व उत्पादनवर्ष पाहूनच साधन निवडावे लागते. जुने वाचक-यंत्र वा चिप-लेखक नष्ट झाल्यास सुस्थितीतील वाहनही दुरुस्तीअभावी निकामी ठरते.